घराबाहेर कोणते दिवे लावावेत, म्हणजे प्रकाश प्रदूषण होणार नाही?

गेट, पायऱ्या आणि गाडी लावायची जागा यांसाठी किती वॅटचे एलईडी घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. मी दुर्बिणीतून आकाश बघणारा माणूस, त्यामुळे वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ती शेड, म्हणजे दिव्याचा प्रकाश अडवणारं झाकण.

दुकानात फिटिंग डोळ्यांच्या रेषेत धरा आणि बाजूने बघा. आतला बल्ब किंवा एलईडीची चकती दिसली, तर ते घेऊ नका. सगळा प्रकाश आडव्या रेषेच्या खालीच पडायला हवा. काचेच्या गोल दिव्यांतून बराचसा प्रकाश थेट आकाशात जातो. आणि फिटिंग कितीही चांगलं असलं तरी तिरकं बसवलं की पैसे वाया.

आधीच लावलेला दिवा तपासायचा असेल, तर रात्री गेटपाशी उभे राहा आणि तळहाताने फक्त तो दिवा झाका. झाकल्यावर अंगणातलं जास्त दिसायला लागलं, तर तो दिवा डोळ्यांत जातोय. प्रखर प्रकाशाने बाहुली आकसते आणि सावलीतलं काहीच दिसत नाही. सुरक्षिततेसाठी म्हणून लावलेला फ्लडलाइट असा उलटा पडतो, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

मग रंग. खोक्यावरच्या ‘वॉर्म’ या शब्दावर जाऊ नका, केल्विनचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा वाचा (आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर): 2700 किंवा त्याहून कमी. 6500 च्या पांढऱ्या दिव्यात निळा प्रकाश भरपूर असतो. हवेच्या रेणूंमुळे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश 600 च्या नारिंगीपेक्षा तिपटीहून जास्त विखुरतो, म्हणून आकाश धुरकट उजळतं. पिवळसर दिव्यावर किडेही कमी येतात.

आता वॅट. 9 वॅटचा साधा एलईडी बल्ब 800-900 ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) देतो. पायऱ्यांना एवढा नको, गुडघ्याच्या उंचीवर 100-200 ल्युमेनचा एखादा दिवा पुरतो. गाडीच्या जागेवर मोशन सेन्सर लावा, वेळ एक-दोन मिनिटांची ठेवा. सेन्सरसमोर हलणारी फांदी येऊ देऊ नका, नाहीतर वाऱ्याने रात्रभर दिवा पेटत राहील.

शोभेसाठी झाडांवर खालून वर मारलेले दिवे असतील, तर ते मात्र काढूनच टाका. त्यांना कितीही शेड लावली तरी पानांतून सुटलेला प्रकाश वरच जाणार.