नागपंचमी, तवा आणि शेजारच्या ग्रॅनींचा गर्डल

लाडक्या सईस,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "नागपंचमीला गॅसवर तवा चढवायचा नाही हो," आणि तू लगेच विचारलंस, मग शेजारच्या ग्रॅनींचा गर्डल चालेल का? आणि ग्रिल? तेव्हा घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आता सावकाश लिहितोय.

गर्डल नाही चालणार. लंडनकडे गर्डल म्हटलं की लोकांना कमरेला आवळायचा पट्टा आठवतो, भाजायच्या वस्तूला ते ग्रिडल म्हणतात. पण आपल्या स्कॉटलंडात गर्डल म्हणजे स्कोन नि ओटकेक भाजायचा जाड लोखंडी तवाच. फोर्थच्या खाडीपलीकडे फाइफमध्ये कूरस गाव आहे ना, तिथले गर्डल पूर्वी फार नावाजलेले. 1599 साली राजा सहाव्या जेम्सनं ते घडवण्याचा मक्ताच त्या गावच्या कारागिरांना दिला होता. ग्रॅनींच्या गर्डलला वरून कमानीसारखी कडी आहे, ती पूर्वी विस्तवावर टांगायला लागे. तो नीट तापला का, हे त्या चिमूटभर पीठ टाकून बघतात, आजी पाण्याचा शिंतोडा मारून. काम एकच, म्हणून नियमही एकच.

ग्रिलचं जरा वेगळं आहे. न्यू जर्सीचा तुझा दादा ग्रिल म्हणतो ते अंगणात, खाली विस्तव असलेलं. आपल्या ओव्हनमधल्या ग्रिलची धग वरून येते, त्याला तो ब्रॉइल म्हणेल. दोन्हींत तवा नाही हे तुझं म्हणणं बरोबर. पण आपल्या घरी त्या दिवशी भाजणं, चिरणं, तळणं तिन्ही बंद असतं, तेव्हा चीज टोस्ट दुसऱ्या दिवशी.

आता हे सगळं कशासाठी? श्रावणातल्या कहाणीत एक शेतकरी नांगरत असतो आणि फाळ लागून वारुळातली नागिणीची पिल्लं मरतात. नागीण संतापून त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते. मग त्याच्या लग्न झालेल्या मुलीकडे जाते, तर ती पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत असते. नागीण निवते, अमृत देते, माहेरची माणसं उठून बसतात. म्हणून त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, आणि घरातही सुरी नि तवा बाजूला ठेवायचे. मला हा नियम मनापासून आवडतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर येतात, आणि शेतातले उंदीर तेच खातात. वर्षातून एक दिवस शेतकऱ्यानं त्यांच्या वाटेला जायचं नाही, हे किती शहाणपणाचं आहे! आपल्या इथल्या माळरानावरही ॲडर नावाचे विषारी साप असतात. ॲडर अंडी घालत नाही, उन्हाळ्याच्या शेवटी जिवंत पिल्लंच होतात तिला. तेव्हा टेकडीवर पायवाट सोडून हीथरच्या झुडपांत पळायचं नाही, हे तुला नेहमी सांगतो तेही त्यातलंच समज.

आणि उपाशी राहावं लागत नाही. उकडलेलं सगळं चालतं. कोकणात हळदीच्या पानांत पातोळ्या करतात, आजीकडे पुरणाची दिंडं. कणकेची पुरी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारही बाजू आत दुमडून चौकोनी पुडी करायची. कडा नीट दाबल्या नाहीत तर वाफेनं उलगडतात आणि पुरण बाहेर येतं. मोदकपात्रात पंधरा मिनिटं, की कणीक तुकतुकीत दिसायला लागते. वर साजूक तूप, भरपूर. पोळीपेक्षा मला दिंडंच जास्त आवडतात, कारण कणीक मऊ राहते आणि जायफळाचा वास आतच कोंडलेला असतो.

पुरण मी आदल्या रात्री वाटून ठेवीन. भाजी चिरायची नाही, म्हणून मोड आलेल्या मुगाची उसळ करू. चाळणीला तूप लावायचं आणि पुड्या दुमडायचं काम तुझं. पहिला घाणा निघाला की दोन दिंडं ग्रॅनींना देऊन ये, गरम असतानाच, आणि आज त्यांचा गर्डल आपल्याला का नको होता तेही सांग.

तुझा,
बाबा