आधी मोठ्याने वाच

अगं,

तुझ्या मेलमध्ये अकरा प्रश्न आहेत. कुठलं शिबिर करू, कुठल्या दिवाळी अंकाला पाठवू, नोकरी सोडू का. सोबतच्या कथेबद्दल एकही नाही. ती तू मोठ्याने वाचलेली नाहीस, हे दुसऱ्याच पानावर कळतं. मार्केट यार्डातला हमाल म्हणतो, 'मला असं वाटतं की आपण यावर विचार करायला हवा.' सदाशिव पेठेतले निवृत्त प्राध्यापकही घरात असं बोलत नाहीत.

तेव्हा मोठ्याने वाच. कागदावर छापून, ओळींत दुप्पट अंतर ठेवून, हातात पेन्सिल घेऊन. अडीच हजार शब्द म्हणजे वीसेक मिनिटं. मध्येच दुरुस्त करत बसू नकोस, नुसत्या खुणा कर. दम लागेल तिथे उभी रेघ. बहुधा 'उठून, जाऊन, बघून' अशी माळ लागलेली असेल. जीभ अडखळेल तिथे फुली. आणि आवाज आपोआप पळायला लागेल तिथे गोल. गोल सगळ्यांत महत्त्वाचे, कारण तिथे तुलाच कंटाळा आलेला असतो. पहिल्या दीड पानावरच्या पावसाला गोल पडणार, आत्ताच सांगतो. काढून टाक. लकडी पुलावर पडला म्हणून पावसाचं साहित्य होत नाही.

मग आठ-दहा दिवस कथा कपाटात. नंतर फक्त संवाद वाच, 'तो म्हणाला, ती म्हणाली' गाळून. कोण बोलतंय ते कळेना झालं, तर सगळी पात्रं तुझ्याच तोंडाने बोलताहेत. अहो, अगं, ए, शेठ एवढ्यावर अर्धं नातं उभं राहतं; तुझ्याकडे हमालही आडत्याला 'तुम्ही' म्हणून मोकळा.

तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. तो चुकून जे वाचतो, ते पुष्कळदा आपल्या वाक्यापेक्षा बरं असतं. फोनमधली वाचून दाखवणारी बाई चालणार नाही. ती अडखळत नाही.

एकच तुणतुणं वाजवतो म्हणतात मला. वाजवतो. मनात वाचताना डोळा लिहायचं होतं ते वाचतो, लिहिलेलं नाही. हे मला फार उशिरा पटलं आणि छापून गेलेल्या वाक्यांना पेन्सिल लागत नाही.

नोकरी सोडू नकोस. वीस मिनिटांसाठी कोण सोडतं? कथा युनिकोडमध्ये, एका वेळी एकाच संपादकाला, आणि पावसाळ्याआधी पाठव. गणपतीत पाठवून दिवाळीची वाट बघू नये. पुढे पुस्तकाचा करार आला तर तोही मोठ्याने वाच. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात; मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे शब्द तोंडाने उच्चारले की बरोबर घशात अडकतात.

पुढच्या मेलमध्ये प्रश्न नकोत. गोल किती पडले, तेवढं कळव.