डोंगा धारेवर चढतो, मग शिडाची बोट का अडते?

प्रश्न : माझा लहान भाऊ मालवणला एका शिडाच्या बोटीवर खलाशी आहे. फेब्रुवारीत ते सकाळी आठला विजयदुर्गाकडे निघाले आणि अंधार पडताना वाटेतल्या देवगडलाच थांबले. ‘वारा तोंडावर होता,’ म्हणतो. आमचा डोंगा तर वैनगंगेत धारेच्या उलट जातो. बाबा म्हणतात, पोरगा कामचुकार झाला. खरं काय?
— एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : बाबांना सांगा, पोरगा खरं बोलतो आहे आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्तच राबला असेल. मी वडशाचा, नौदलात असताना शिडाच्या बोटी चालवल्या, म्हणून खात्रीनं लिहितो.

डोंग्याच्या बांबूला नदीचा तळ सापडतो, त्याला रेटा देता येतो. समुद्रात बांबू टेकणार कुठं? तिथं रेटा वाऱ्याचाच, आणि नेमकं वाऱ्याच्या तोंडावर कोणतंच शीड चालत नाही, नुसतं फडफडतं. चांगली बोटही वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवूनच पुढं जाते. म्हणून आधी तिरपं खोल समुद्राकडं, मग शीड फिरवून तिरपं किनाऱ्याकडं. 10 मैल सरकायला किमान 14 मैल कापावे लागतात. लाटांनी बोट आडवी ढकलली की आणखी. दर वळणाला इकडचा दोर सोडा, तिकडचा ओढा. तळहात सोलून निघतात हो!

त्यात निघायची वेळ अडचणीची. कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो. उत्तरेला, म्हणजे विजयदुर्गाकडं, जाणाऱ्याला तो बाजूनं मिळतो, फार सोयीचा. पण सकाळी तो पडतो आणि बोट तशीच डुलत राहते. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्या दिवसांत बहुधा वायव्येचा, म्हणजे थेट तोंडावर. विजयदुर्ग मालवणहून सुमारे 30 सागरी मैल, 55 किलोमीटर. तसं गाठणं शक्यच नव्हतं.

इंजिन असतं, पण समोरच्या लाटांवर बोट आपटत राहते, वेग मिळत नाही. अंधारात मासेमारीची जाळी पंख्यात अडकायची भीती वेगळीच. देवगडचं बंदर आडोशाचं आहे. तिथं शिरणाऱ्या तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, मला कौतुक वाटतं.

भावाला कळवा : मतलई असतानाच, पहाटे नांगर उचला. जाळ्यांवर नजर ठेवायला पुढं एक जण बॅटरी घेऊन बसू द्या. वारा पडला की सपाट पाण्यावर लगेच इंजिन लावा, खारा वारा सुटायची वाट पाहू नका.