हर्क्युलिसची पुतळी?

प्रश्न असा आला : ‘इटलीतल्या रेनेसाँ काळातल्या, टेबलावर ठेवण्याएवढ्या ब्राँझच्या शिल्पांवर लेख लिहिते आहे. इटालियनमध्ये त्यांना सुटसुटीत ‘ब्रोन्झेत्तो’ म्हणतात. मराठीत ‘लघुकांस्यपुतळा’ चालेल का?’

नको. पुतळा म्हटलं की आपल्याला चौक दिसतो, हार घालायला लावलेली शिडी दिसते. ब्रोन्झेत्तोची गंमत नेमकी उलटी. मान्तुआच्या आंतिको या शिल्पकाराने व्हॅटिकनमधला माणसाहून उंच संगमरवरी अपोलो सव्वा फुटाच्या आसपास आणला, तो हातात घेऊन फिरवून बघावा म्हणून.

‘-एत्तो’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. आपण त्यासाठी लिंग बदलतो : लोटा-लोटी, सुरा-सुरी. त्या न्यायाने पुतळा-पुतळी. पण ‘हर्क्युलिसची पुतळी’ एकदा मोठ्याने म्हणून बघा!

‘मूर्ती’ अपोलोला शोभते. पण पादुआच्या कारखान्यांत खेकडे आणि बेडूकही ओतले जात, काहींच्या दौती होत. खेकड्याची मूर्ती म्हणवत नाही. तिथे ‘शिल्प’ बरं.

आता धातू. अस्सल मराठी शब्द ‘कासे’. काशाची वाटी तळपायाला घासतात, तेच हे. ‘कासार’ही कांस्यकारावरूनच आला. तरी ‘काशाचा अपोलो’ लिहू नये. काशात कथलाचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जातं. म्हणून ते खणखणीत वाजतं आणि आपटलं तर फुटतं. शिल्पाच्या ब्राँझमध्ये कथील साधारण दहा टक्के किंवा त्याहून कमी. ‘कांस्य’ चालेल, पण जरा पुस्तकी. आणि मान्तुआची राणी, कलासंग्राहक इझाबेला देस्ते हिच्याबद्दल नुसतं ‘इझाबेला देस्तेकडे अनेक ब्राँझ होते’ असं लिहिलंत, तर बाई कुस्ती खेळत होत्या असं वाटेल.

मी पहिल्यांदा ‘ब्राँझची लहान मूर्ती (ब्रोन्झेत्तो)’ लिहीन, पुढे नुसतं मूर्ती किंवा शिल्प.

क्रियापद मात्र सांभाळा. ही ‘घडवलेली’ नाही, ‘ओतीव’. आंतिकोने साचे जपून ठेवले होते आणि 1519 मध्ये इझाबेलाला त्यांतून पुन्हा मूर्ती ओतून देण्याची तयारी दाखवली. घडवलेल्या वस्तूचं असं होत नाही. साच्यातून मेणाची मूर्ती काढून, मग ते मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओतायच्या या पद्धतीला आपल्याकडचं जुनं नाव आहे मधूच्छिष्टविधान. उच्छिष्ट म्हणजे उष्टं, आणि मधाचं उष्टं म्हणजे मेण.