गणवेशाच्या यादीतील नावे

सोलापूर

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

काकांच्या गणवेश कारखान्याचे कार्यालय तू हाती घेतलेस, हे उत्तम झाले. लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी केलेल्या डेटा कायद्याच्या पूर्ततेसाठी आलेले भलेमोठे दरपत्रक मला पाठवून ‘आपल्यासारख्या छोट्या कारखान्याला हे कशाला?’ असे तू विचारले आहेस. दरपत्रक तूर्त बाजूला ठेव. प्रश्न मात्र रास्त आहे.

हंगामाच्या तोंडावर शाळांकडून येणाऱ्या एक्सेल याद्या उघडून पाहा. विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी, छाती-कंबर-उंचीची मापे, पालकांचा मोबाइल क्रमांक आणि कधीकधी कारण नसताना जन्मतारीखही त्यात असते. ही यादी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, तेथून कटिंग मास्तरकडे आणि जॉबवर्क (बाहेरून शिलाईचे काम) करणाऱ्यांकडे जाते, आणि हंगाम सरला तरी या सगळ्यांच्या फोनमध्ये तशीच राहते. वास्तविक ३२ मापाचे शर्ट किती कापायचे, एवढेच मास्तरला कळायला हवे. ते माप कोणत्या मुलीचे आणि तिच्या वडिलांचा नंबर कोणता, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. नावे लागतात ती फक्त पॅकिंगच्या टेबलावर.

‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. यादी कागदावर आली आणि तू ती संगणकात भरलीस, तरी कायदा लागू होतोच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील बहुतेक कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सल्लागार हा आकडा ठळक अक्षरांत छापतात. पण ती कमाल मर्यादा आहे, आणि दंड ठरवताना कसुरीचे गांभीर्य, कालावधी आणि नुकसान आवरण्यासाठी केलेले प्रयत्न विचारात घ्यावे लागतात. (ही रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते; ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून छदामही मिळत नाही, हे मला खटकते.)

तुझ्यापुरता खरा धोका दंडाहून जवळचा आहे. शाळेच्या वतीने तू यादी हाताळतोस तेव्हा कायद्यापुढे उत्तर द्यावे लागते ते शाळेला. तुझ्या कार्यालयातून यादी फुटली तरी जबाबदारी तिचीच, आणि तुझ्यासारख्याला काम देताना वैध करार करणेही तिच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे आज कापडाचा नमुना आणि दर पाहणारे संस्थाचालक उद्या याद्यांची व्यवस्था काय, हेही विचारतील, आणि ज्याला उत्तर देता येणार नाही त्याची ऑर्डर शेजारच्या कारखान्याकडे जाईल. आपल्या टॉवेल निर्यातदारांना परदेशी खरेदीदारांच्या तपासण्या नव्या नाहीत. गणवेशवाल्यांची पाळी आता येत आहे.

म्हणून माझे मत असे की, पूर्ततेचा सर्वांत स्वस्त मार्ग सॉफ्टवेअर घेणे हा नसून माहिती कमी मागणे हा आहे. शाळेला कोरा तक्ता तूच पाठव आणि त्यात जन्मतारखेचा रकानाच ठेवू नकोस. मापांची बेरीज वेगळ्या पानावर काढून तेवढीच शिलाई विभागात जाऊ दे. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स टेबलाच्या उघड्या खणात पडल्या असतील, तर त्या आजच कुलपात घाल. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून घे.

दुकानाच्या काउंटरवर पालकांचे नंबर घेत असशील, तर ते कशासाठी, हे सांगणारी सूचना साध्या भाषेत लिहावी लागेल आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू एवढी तरी सोय आधी कर. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या ग्राहकाला इंग्रजी फॉर्मवर सही करायला लावून घेतलेली संमती मला तरी संमती वाटत नाही.

हे झाले की पुढच्या हंगामाच्या ऑर्डरसोबत कराराचा मसुदा तूच शाळेकडे घेऊन जा. यादी कोण पाहील, जॉबवर्कवाल्याला काय दिले जाईल, माहिती फुटल्यास शाळेला किती तासांत कळवशील आणि यादी कोणत्या तारखेला पुसशील, एवढे त्यात स्पष्ट लिही. शाळेने या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा असतो, तेव्हा स्वतःसाठी त्याहून बरीच कमी मुदत घाल. मसुदा वकिलाला दाखव, आणि त्यानंतरही काही उरलेच तर ते दरपत्रक उघड.

तुझा हितचिंतक