हातबत्ती करतोस तर आधी लाल रंगाचं बघ

भाऊ, रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी लाल-हिरवा-पांढरा अशी तीन रंगांची हातबत्ती बनवतोयस, तिचं सर्किट झकास जमलंय, पण तिन्ही एलईडींना एकच रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) नको. लाल साधारण 2 व्होल्टला पेटतो, हिरव्या-पांढऱ्याला 3 च्या आसपास लागतात. प्रत्येकाला वेगळा दे.

बटणाचं मात्र जास्त मनावर घे. पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालणारा ट्रॅकमन ओल्या हाताने, चाचपूनच रंग बदलतो. लाल म्हणजे गाडी थांबव. तो रंग शोधत बसायची पाळी कोणावर येऊ नये. खटका जाड ठेव, लाल रंगाच्या जागी बोटाला लागेल असा उंचवटा दे.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचेच घे, दोन एकामागे एक (सिरीजमध्ये) जोडले की 6.4 व्होल्ट. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे उष्णता सोसणारा सेलच हवा. झाकणाला रबरी वायसर विसरू नको.