वाचकांचे प्रश्न : चार चार्ट एका पानावर, पण सगळे एकमेकांच्या अंगावर

प्रश्न : ताई नमस्कार, मी बडोद्याला कारेलीबागेत राहतो, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ऑगस्ट 2024 च्या पुराचे चार्ट पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब या चार्टच्या लायब्ररीनं काढतोय. रोजचा पाऊस, आजवा सरोवराची पातळी, काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची पातळी असे तीन एकाखाली एक, आणि बाजूला आजवा-विश्वामित्री तुलनेचा ठिपक्यांचा चार्ट. पण तारखा एकमेकांवर चढतात, वरच्या चार्टचं नाव खालच्यात घुसतं, मित्र म्हणतो सबप्लॉट्स अॅडजस्टचे (चार्टमधल्या मोकळ्या जागेचे) आकडे बदलत बस, किती बदलू? आणि मराठी नावं तर पार मोडून येतात.

उत्तर : आकडे बदलत बसू नका. आज जुळवाल, उद्या एका चार्टचं नाव मोठं झालं की सगळं परत बिघडेल.

आधी ठरवा की वाचणाऱ्यानं काय बघायचंय. तुमच्या चित्रात नदी मुख्य आहे, बाकीचे तिची कारणं सांगायला आहेत, पाऊस पडला, आजवा भरलं, तिथून सुटलेलं पाणी विश्वामित्रीतच आलं, मग तिन्ही पट्ट्या सारख्या उंचीच्या कशाला? हाइट रेशोजमध्ये, म्हणजे उंचीच्या प्रमाणात, 1, 1, 2 द्या, नदीला दुप्पट जागा मिळेल आणि 26 फुटांच्या धोक्याच्या पातळीची आडवी रेघ नीट दिसेल. मॅटप्लॉटलिबच्या आवृत्ती 3.6 पासून हे थेट सबप्लॉट्सला किंवा सबप्लॉट मोझॅकला (चार्ट पानावर मांडायच्या दोन आज्ञा) देता येतं, जुनी असेल तर ग्रिडस्पेक नावाच्या सेटिंगमधून द्यावं लागतं.

तुमच्या मांडणीला सबप्लॉट मोझॅकच घ्या, मला तो फार आवडतो कारण चित्र कसं दिसणार ते कोडमध्येच दिसतं. तीन ओळी लिहायच्या: पपत, अअत, ननत. प म्हणजे पाऊस, अ आजवा, न नदी, आणि त म्हणजे उजवीकडे वरपासून खालपर्यंत उभा तुलनेचा चार्ट. हो, देवनागरी अक्षरं चालतात, फक्त काना-मात्रा न लावता एकेकच अक्षर घ्या, कारण पायथन मात्रेला वेगळं अक्षर मोजतो. आणि एका अक्षराची जागा आयताकृतीच हवी, नाहीतर एरर येतो. एखादा कोपरा मोकळा ठेवायचा तर तिथे टिंब.

आता इथे एक मेख आहे. मोझॅकला शेअरएक्स ट्रू दिलंत तर चारही चार्टचा आडवा अक्ष एक होतो, म्हणजे तुलनेच्या चार्टलाही तारखा चिकटतात, तिथे तर आजव्याचे फूट हवेत! म्हणून मोझॅकमध्ये ते देऊच नका, चार्ट तयार झाल्यावर पाऊस आणि आजवा या दोघांनाच नदीच्या अक्षाशी जोडा (प्रत्येक चार्टला शेअरएक्स नावाची मेथड, म्हणजे आज्ञा, असते), आणि या दोघांच्या तारखा टिक पॅराम्समध्ये (अक्षावरच्या खुणांची सेटिंग) लेबलबॉटम फॉल्स करून लपवा. तारखा फक्त सगळ्यात खाली राहतील, त्यांना कन्साइज डेट फॉर्मॅटर लावा, महिना-वर्ष प्रत्येक खुणेवर परत परत लिहीत नाही त्यामुळे गर्दीच होत नाही. पावसाचा उभा अक्ष उलटा करून बघा, दांडे वरून खाली लोंबतात, जलशास्त्राची मंडळी असंच काढतात आणि खाली नदी चढताना दिसते.

मधल्या जागेचं काम लेआउटला कन्स्ट्रेन्ड दिलं की लायब्ररी स्वतः करते, चित्र काढताना दर वेळी लेबलं, नावं मोजून जागा सोडते. टाइट लेआउट ही दुसरी सोय, ती तुम्ही हाक मारली की तेवढ्यापुरतं जुळवतं, नंतर लेबल बदललं तर परत हाक मारा. कन्स्ट्रेन्ड चालू असताना सबप्लॉट्स अॅडजस्ट वापरलं तर वॉर्निंग येते आणि काही हलत नाही, बऱ्याच जणांचं इथेच अडतं, तेव्हा दोन्हीतलं एकच. डावीकडची तिन्ही उभी नावं एका रेषेत यायला अलाइन वायलेबल्स ही आज्ञा द्या.

फिगसाइझ, म्हणजे चित्राचं माप, इंचात असतं, न दिल्यास 6.4 बाय 4.8, चार चार्टना ते पुरणारच नाही. ए-फोर पानाची रुंदी 8.27 इंच, दोन्हीकडे इंचभर समास सोडला तर सव्वासहा उरतात, म्हणून सव्वासहा बाय आठ घ्या आणि त्याच मापात छापा. 12 इंची चित्र काढून वर्डमध्ये निम्मं केलं तर 10 पॉइंटची अक्षरं 5 ची होतात, तपासणाऱ्या सरांना भिंग लागेल. सेव्ह करताना बीबॉक्स इंचेस टाइट टाकलं तर कडा कापल्या जाऊन माप बदलतं, म्हणून ते नको.

मराठी नावांचं: चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये देवनागरी नाहीये, नोटो सॅन्स देवनागरी लावा. पण चौकोन जाऊनही ‘विश्वामित्री’ची पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या 3.10 पर्यंतच्या आवृत्त्यांत अक्षरांची नीट जुळणी होत नाही, ते फॉन्ट बदलून सुटत नाही. एमपीएलकायरो नावाचा बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष उमटवणारा भाग) राक्म लायब्ररी वापरून ही जुळणी करतो. ते इन्स्टॉल करायला जड जात असेल तर एसव्हीजीमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल) सेव्ह करा आणि आधी एसव्हीजी फॉन्टटाइप नन ठेवा, म्हणजे अक्षरं अक्षरंच राहतात आणि ब्राउझर ती बरोबर जुळवतो, तिथूनच पीडीएफ प्रिंट काढा. नावं इंग्रजीत टाकून मोकळं होऊ नका, पूर बडोद्याचा आहे, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनाही तो वाचता यायला हवा.